प सा प सा रे ग

सध्या आमच्या खानदानात एका लोखंडी पट्टीवरून वाद पेटलाय. पट्टी जेमतेम दोन इंचांची. गिटारीच्या गळ्याच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे वळतात, तिथे मूळच्या पट्टीवर टोपीसारखी बसवलेली. तिचं काम एकच, तारा पडद्यांपासून चांगल्या उंच उचलून धरायच्या. ती आहे तोवर गिटार हवाईयन. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. ती काढली, की तीच गिटार स्पॅनिश होते. छातीशी धरा, बोटं दाबा, कॉलेजच्या गॅदरिंगला जा.

गिटार माझ्या काकांची. काका गेल्या वर्षी गेले. त्यांचा नातू, म्हणजे माझा भाचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला ती वाजवायला हवीय, पट्टी काढून. नाशिकच्या आत्याचं म्हणणं, "माझ्या भावाच्या वस्तूला हात लावायचा नाही." घरच्या ग्रुपवर आत्याने तीन व्हॉइस मेसेज टाकले. तिसरा चार मिनिटांचा, आणि त्यातली शेवटची मिनिटभर नुसतीच शांतता. ताई (काकांची मुलगी) मधल्या मध्ये. आणि काकू खामगावच्या घरी बसून म्हणतात, "तुमचं काय ते लवकर ठरवा बाप्पा, मले धूळ पुसायचा कंटाळा आला."

माझं मत विचारलं गेलं, कारण घरात 'तुला त्यातलं कळतं' असा माझ्याविषयी एक समज आहे. मला वाजवता येत नाही. पण ऐकायचा आणि वाचायचा नाद आहे. त्या नादापायी गेले दोन महिने जे काही वाचलं-ऐकलं, ते इथे लिहून काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी काकांबद्दल. आम्ही घाटावरचे, चिखलीचे. काका नोकरीमुळे घाटाखाली, खामगावात. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्यांना हा 'घाटावर-घाटाखाली' प्रकार कळत नाही, पण आमच्याकडे तो हवामानापासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमडापूर, उंद्री करत एसटीने खाली उतरलं, की खामगावचा उकाडा तोंडावर यायचा. काका एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. कापसाच्या हंगामात माणूस दिसायचाच नाही. पण मे महिन्यात फॅक्टरी थंड, आणि काका संध्याकाळी ओसरीवर गिटार घेऊन.

ते शिकले भुसावळला, रेल्वेत असलेल्या एका बंगाली बाबूंकडून. दर रविवारी खामगाव ते जलंब शटल, जलंबहून भुसावळ, आणि संध्याकाळी परत. असं दोन वर्षं, १९७१ ते ७३. गिटारही त्या बाबूंनीच कोलकात्याहून मागवून दिली. हवाई बेटं कुठे, भुसावळ कुठे आणि खामगाव कुठे! पण त्या काळात हे तितकं नवलाचं नव्हतं. रेडिओ लावला की दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत हमखास कुणीतरी सिनेमाचं गाणं गिटारीवर वाजवत असायचं. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध (कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव)... शिपले यांच्याबरोबर अ‍ॅकॉर्डियनवर असत आपल्या पुण्याचे इनॉक डॅनिएल्स. त्या जोडीच्या रेकॉर्डी काकांकडे होत्या. शब्द नसलेलं गाणं, पण शब्द आपोआप ओठांवर यायचे. कारण तार माणसाच्या गळ्यासारखी घसरत जायची, एका सुरावरून दुसऱ्यावर, मध्ये कुठेही न तुटता.

हे वाद्य भारतात आलं ते हवाईच्या फिरत्या कलावंतांबरोबर, पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत. पुढे १९४० च्या दशकात ताऊ मो नावाचे कलावंत कुटुंबासह कोलकात्यात काही वर्षं राहिले, शिकवत आणि वाजवत. म्हणून कोलकाता या वाद्याचं माहेरघर झालं, आणि तिथून बदलीच्या नोकरीतल्या बंगाली माणसांबरोबर ते रेल्वेच्या गावागावांत पोचलं. भुसावळच्या बाबूंचा धागा असा थेट समुद्रापलीकडे जातो.

आणि समुद्रापलीकडची गोष्ट तर आमच्या वऱ्हाडी माणसाला फारच आवडेल, कारण ती गुराख्यांपासून सुरू होते. १८३० च्या सुमारास हवाईच्या राजाने माजलेली जनावरं आवरायला मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले. ते येताना गिटार घेऊन आले. हवाईच्या लोकांनी गिटार घेतली, पण तिचे सूर काही घेतले नाहीत. त्यांनी खुंट्या सैल केल्या, इतक्या की काही न दाबता सगळ्या तारा एकदम छेडल्या तर आपोआप गोड मेळ लागावा. यातली सगळ्यात प्रसिद्ध जुळणी सरगमच्या भाषेत सांगायची, तर जाड तारेपासून बारीक तारेकडे: प सा प सा ग प.

मग १८८९ च्या आसपास जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा (जन्म १८७४, ओआहू बेटावरचं लाइए गाव). म्हणतात की रेल्वेच्या रुळाशी पडलेला एक बोल्ट त्याने उचलला, तो तारांना घासला आणि तार गायला लागली. पुढे शाळेच्या कारखान्यात त्याने नीट लोखंडी कांडी घडवली आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. याचं श्रेय इतर काही जणांनाही दिलं जातं. त्यातला एक गॅब्रिएल डेव्हिऑन, जो भारतात जन्मलेला होता असं सांगतात! खरंखोटं केकुकूचा बोल्ट जाणे.

पण तारेवर काहीतरी घासून सूर काढण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. तार एकच, आणि डाव्या हातात बांबूची कांडी, तिने तारेवर सूर धरायचा. देऊळगाव राजाहून जालना आणि तिथून पुढे देवगिरी, म्हणजे आमच्या शेजारच्या अंगणातलीच गोष्ट. काकांना हे सांगायला मला आवडलं असतं. ते गालात हसले असते आणि म्हणाले असते, "म्हणजे आपलीच उधारी परत आली की!" हिशेबनीस माणूस. (शार्ङ्गदेवही दरबारात हिशेबाच्या खात्यावरच होता, हा योगायोग सोडून देऊ नये :) )

असो. आता मुद्द्याची गोष्ट, सुरांच्या जुळणीची.

काकांची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, हिशेबाचीच. पहिल्या पानावर बंगाली बाबूंच्या हातची नोंद. पहिल्या तारेपासून खाली: ई, सी शार्प, ए, ई, ए, ई. ए म्हणजे आपली पांढरी सहा. तिला सा माना आणि जाड तारेकडून वाचा: प सा प सा ग प. म्हणजे गुराख्यांची तीच जुळणी, फक्त एक सूर वर चढवलेली! हवाईच्या कुरणातले सूर खामगावच्या वहीत. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

ही जुळणी आपल्याला जन्माची ओळखीची वाटते, कारण तिच्यात आपला तानपुराच दडलेला आहे. खालच्या तीन तारा प सा प. त्या नुसत्या गुंजत राहतात आणि वरच्या तारेवर गाणं चालतं. काका अरुण दाते यांची भावगीतं वाजवत, सुधीर फडक्यांची वाजवत, गुरुवारी गजानन महाराजांची भजनं वाजवत. या सगळ्याला कांडी, मींड आणि खालचा षड्ज एवढं पुरे. याच ताकदीवर ब्रिजभूषण काबरा यांनी या वाद्यावर पूर्ण राग उभा केला. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका, संतूर आणि बासरीच्या बरोबरीने गिटार बोलते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तारा वाढवत वीस केल्या: तीन गाण्याच्या, बाकी चिकारीच्या आणि तरफेच्या. मोहनवीणा. १९९४ साली ग्रॅमी मिळालं. थोडक्यात, आपल्याकडे हे वाद्य षड्जाला घट्ट धरून वाढलं. सा हलवायचा नाही, त्याच्याभोवती तारा वाढवायच्या.

अमेरिकेत गेलं ते नेमकं उलट वाटेने. त्यांचं संगीत मेळांवर, म्हणजे कॉर्डवर चालतं. दर दोन-चार मात्रांना तीन सुरांचा एक गठ्ठा बदलतो. आता कांडी तर सरळ. सहा तारांवर आडवी ठेवली की सहाही तारा सारख्याच वर चढतात. म्हणजे सा ग प चा गठ्ठा कुठेही नेला, तरी तो सा ग प सारखाच राहणार, हसराच राहणार. पण उदास गठ्ठा हवा असेल तर? कांडी तिरपी धरायची. वाचायला सोपं आहे, करायला महाकठीण, कारण तिरपेपणा केसभर चुकला की कुत्रं रडल्यासारखं होतं.

मग लोकांनी जुळण्या बदलायला सुरुवात केली. १९३० च्या दशकाच्या शेवटी एक नामी युक्ती निघाली, जी पुढे जेरी बर्ड या वादकामुळे घरोघरी गेली. सा ग प मध्ये ध घालायचा. सा ग प ध. आता बघा, सा ग प छेडलं तर हसरा मेळ, आणि ध सा ग छेडलं तर उदास मेळ! कांडी जागची हलली नाही, फक्त कुठल्या तारा छेडायच्या ते बदललं. एका सुराने दोन स्वभाव. तोवर वाद्यात वीजही आली होती. १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही चांगली खपलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, आणि ती मांडीवरचीच होती. लोक समजतात वीज आधी रॉकवाल्यांच्या गिटारीत आली. नाही हो, आधी आमच्या काकांच्या जातकुळीतल्या गिटारीत आली.

पण एका जुळणीत सगळं मावेना. म्हणून एकाच वाद्याला दोन गळे, तीन गळे, चार गळे! प्रत्येकाची जुळणी वेगळी. वादक बसल्या जागी या गळ्यावरून त्या गळ्यावर उड्या मारायचा. वाद्य मांडीवरून उतरलं आणि पाय लावून टेबलासारखं उभं राहिलं. आणि टेबल झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की खाली वादकाचे पाय मोकळेच आहेत.

इथून पेडल स्टील गिटार सुरू होते. १९४० च्या आसपास गिब्सन कंपनीने 'इलेक्ट्राहार्प' काढली. पाय दाबला की आतल्या दांड्या ठरावीक तारा ओढून त्यांचा सूर बदलायचा. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलवालं वाद्य बनवलं. पण सुरुवातीला बहुतेकांनी पेडल वापरलं ते गळे वाचवायला. म्हणजे दोन ओळींच्या मधे गुपचूप पाय दाबायचा, जुळणी बदलायची आणि पुढची ओळ वाजवायची. श्रोत्याला बदल कळू नये, हीच खुबी.

१९५३ मध्ये बड आयझॅक्स यांनी वेब पिअर्स या गायकाच्या 'स्लोली' नावाच्या गाण्यात ती खुबीच उलटी केली. त्यांनी तारा छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पाय दाबला. गाणं १९५४ मध्ये तुफान चाललं. काय ऐकू आलं त्यात? एक तार जागेवर स्थिर आणि तिच्या शेजारच्या दोन तारा वर सरकत जाताहेत. सगळा मेळ एकदम घसरत नाही, मेळाच्या आतल्या आत हालचाल होते. आपल्या भाषेत सांगायचं तर सा धरून ठेवलाय आणि त्याच्या मांडीवर ग चढून म होतोय, प चढून ध होतोय. सा ग प चा सा म ध झाला. मी ते पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर मींड! पण तीन माणसांच्या घरात एकाने जागेवर बसून राहायचं आणि दोघांनी उठून चालू लागायचं, अशी मींड.

त्या गाण्यानंतर अमेरिकेतल्या वादकांना पेडलचं वेड लागलं. आणि मग आला बडी एमन्स (१९३७ ते २०१५). त्याचं डोकं बघा. आयझॅक्स यांच्या एका पेडलवर दोन्ही बदल एकदम व्हायचे. एमन्सने ते सोडवून दोन पेडलांवर वाटले. एका पेडलने प चा ध. दुसऱ्याने ग चा म. दोन्ही दाबले तर पूर्वीचंच सा म ध. पण पहिलंच दाबलं तर? सा ग ध. म्हणजे उदास मेळ! जे मिळवायला पूर्वी कांडी तिरपी धरून घाम गाळावा लागायचा, ते आता पायाच्या चवड्याने. १९५७ मध्ये त्याने आणि शॉट जॅक्सनने मिळून 'शो-बड' हा कारखाना काढला आणि हे सगळं पक्कं होत गेलं. पुढे गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्याही आल्या. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे... विमान चालवणं सोपं असावं.

आणि १९६२ च्या सुमारास त्याने जी गोष्ट केली, ती माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. त्याने मेळाच्या जुळणीत दोन अशा तारा घातल्या, ज्या त्या मेळात बसतच नाहीत. रे आणि शुद्ध नि. आणि त्या घातल्या कुठे, तर सगळ्यात वर, क्रम मोडून. आजही नॅशव्हिलच्या पद्धतीच्या दहा तारांच्या गिटारीवर पहिली तार रे, दुसरी नि, तिसरी ग अशी असते. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुराच्या! बघणाऱ्याला वाटेल कुणीतरी खुंट्या चुकून पिळल्या. पण त्यामागे साधा विचार आहे. मेळ उरलेल्या तारांत आहेच. चाल वाजवताना सा रे ग नि हाताशी असले, तर कांडी सारखी इकडून तिकडे पळवावी लागत नाही. कांडी एका जागी ठेवून हात नुसता तारा बदलतो आणि चाल निघते.

हे वाचलं आणि मी उठून काकांच्या वहीचे फोटो परत उघडले.

कारण वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर काकांनी स्वतःच्या हाताने एक जुळणी लिहून ठेवलीय. तारीख २०१६ ची. अक्षर वेडंवाकडं. जाड तारेकडून: प सा प सा रे ग. खाली एक शब्द, 'आता.' बस्स.

ताईला, मला, कुणालाच याचा अर्थ लागत नव्हता. कारण यात मेळ नाही. सगळ्या तारा एकदम छेडल्या तर रे आणि ग एकमेकांना टोचतात. पहिली तार प ची ग पर्यंत उतरवलेली, दुसरी ग ची रे पर्यंत. पंचेचाळीस वर्षं एकच जुळणी वाजवणारा माणूस ती अशी का मोडेल?

काकांना २०१३ पासून कंपवात होता. सुरुवात डाव्या हातापासून झाली, म्हणजे नेमका कांडीचा हात. हवाईयन गिटारीत सूर लांबवताना कांडी मुद्दाम किंचित हलवतात, त्याने सुराला लाट येते. काका पहिली काही महिने थट्टेवारी न्यायचे, "आता लाट फुकट मिळते." मग थट्टा बंद झाली. कांडी तारेवर टेकवली की तारा झणझणायच्या. आम्ही भेटायला गेलो की गिटार भिंतीशी गवसणीत दिसायची. आम्हा सगळ्यांचा समज असा की काकांनी वाजवणं सोडलं. तसं ते बोलायचेही नाहीत, आणि आम्ही विचारायचं टाळायचो. आजारी माणसाला काय सोडावं लागलं हे विचारू नये, अशी आपल्याकडे रीत असते. चांगली की वाईट ते माहीत नाही.

आता ती जुळणी परत बघा. वरच्या तीन तारा सा रे ग, त्याखाली प. कांडी न लावता, नुसत्या मोकळ्या तारा छेडून भूपातलं अर्धं भजन वाजतं! फक्त ध साठी चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर कांडी टेकवायची, आणि वरच्या प साठी पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर. एका ओळीत एखाद्-दुसऱ्या वेळी. बाकी सगळं काम उजव्या हाताचं, जो तेव्हा अजून बरा होता.

काकांनी बडी एमन्सचं नाव ऐकलं नसणार, असं मी पैजेवर सांगतो. पण अडचण जवळपास तीच होती, कांडीला कमी पळवायचं. एकाला वेगासाठी, दुसऱ्याला हात पळेना म्हणून. आणि उत्तरही तेच निघालं. मेळ सोडा, चालीचे सूर तारांवर मांडा.

मी काकूंना फोन लावला. विचारलं, काका शेवटी शेवटी वाजवत होते का?

"वाजवत नव्हते तं काय! दुपारी, मी पडली की. मले वाटे गिटार बिघडली वाटते, पहिल्यासारखी घसरत नव्हती. टिंग टिंग वाजे."

"मग तुम्ही सांगितलं नाही कधी कुणाला?"

"कायले सांगू? तुम्ही इचारलं का कधी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाळीत सगळे खामगावला जमलो. आत्याही आली, बोलणार नाही असं ठरवून आलेली, पण फराळाला बसल्यावर किती वेळ गप्प राहणार. भाच्याने नव्या तारा आणल्या होत्या. मी त्याला एकच अट घातली, पट्टी काढायची ती दुसऱ्या दिवशी. आधी एक संध्याकाळ आजोबांच्या शेवटच्या पानाप्रमाणे लाव. त्याने फोनमधल्या ट्यूनरवर पाच मिनिटांत लावली. (काका तासभर लावायचे.) मग गजानन महाराजांचं ते भजन, जे घरात सगळ्यांना पाठ आहे, ते मोकळ्या तारांवर चाचपडत काढलं. आणि खरंच निघालं! ध आला की कांडी टेकवायचा. पोरगं हुशार आहे, तिसऱ्या वेळी ध अगदी बरोबर लागला, स्थिर, स्वच्छ.

काकू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "इथं सूर हालत होता."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या फेरीला ध वर त्याने कांडी हलवली. मुद्दाम, जरा जास्तच. काकूंनी मान डोलावली. आत्या उठून आत पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला जे कळलं ते एवढंच. हे वाद्य जसंच्या तसं कधी कुणी ठेवलंच नाही. गुराख्यांकडून घेतलेल्यांनी खुंट्या पिळल्या, शाळेतल्या पोराने ती आडवी केली, कुणी वीज जोडली, कुणी पाय जोडले, आपल्याकडच्यांनी तरफा चढवल्या, आणि खामगावच्या एका हिशेबनिसाने थरथरत्या हाताला झेपेल अशी ती परत लावली. प्रत्येकाने आपल्या हाताकडे बघून बदल केला. त्यामुळे विशीतल्या पोराने आपल्या हाताप्रमाणे पट्टी काढली, तर त्यात काकांचा अपमान आहे असं मला वाटत नाही. आत्याला अजून तसं वाटतं. तिचा तो हक्क आहे, भाऊ तिचा होता. पण आता ती चार मिनिटांचे मेसेज टाकत नाही, हेही खरं.

पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. दोन मिनिटांचं काम, तारा सैल केल्या की हातात येते, आणि हवी तेव्हा परत बसते. ती आणि कांडी, दोन्ही लाल वहीबरोबर एका पिशवीत घालून काकूंच्या कपाटात ठेवलीय. गिटार पुण्याला गेली.

पण एक गोष्ट राहून राहून मनात येते, आणि ती सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच. वाद्य टिकतं, पट्टी टिकते, रेकॉर्डही टिकते. जुळणी मात्र कुठेच नसते. ती माणसाच्या कानात असते. माणूस गेला, तारा सैल झाल्या, की संपलं. काकांनी त्या थरथरत्या हाताने सहा अक्षरं लिहून ठेवली नसती, तर त्यांनी शेवटची काही वर्षं काय वाजवलं हे आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्ही आयुष्यभर म्हणत राहिलो असतो, की काकांनी आजारपणात वाजवणं सोडलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर अशी एखादी गिटार, सतार, बुलबुलतरंग, काहीही पडून असेल, आणि ती वाजवणारं माणूस अजून तुमच्यात असेल, तर एवढं करा. त्यांना विचारा, तुम्ही हे कसं लावता? पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत लिहून घ्या, तारखेसकट. आणि हेही विचारा, की पूर्वी कसं लावायचात आणि आता कसं लावता. तो 'आता' विचारायला विसरू नका.